बाबांच्या बीपीच्या गोळीने पाय सुजले, गोळी बंद केली, आता आकडा रोज वेगळा. काय करावं?

डिचोलीची_लेक

नमस्कार सगळ्यांना. बाबांबद्दल विचारायचंय, थोडं लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहिते. बाबा ६४ वर्षांचे, शिक्षक होते, आता रिटायर. गावच्या भजनी मंडळात मुख्य गायक आहेत, सप्त्याला, गोव्याच्या कला अकादमीच्या स्पर्धेला, सगळीकडे पुढे. दिवाळीनंतर हेल्थ सेंटरमध्ये सहज तपासलं तर बीपी १६४/९८, परत बोलावून घेतलं तरी तेवढंच, मग डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन ५ सुरू केली आणि नंतर १० केली. बीपी छान उतरलं. पण उन्हाळा लागल्यावर दोन्ही पाय घोट्याजवळ सुजायला लागले, संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ उठलेला दिसतो, बोटाने दाबलं की खळगा पडतो. शेजारच्या काकांनी सांगितलं की गोळ्यांनी किडनी जाते म्हणून पाय सुजतात, झालं, बाबांनी गोळी बंदच केली आणि आम्हाला सांगितलंही नाही. वर तिसऱ्या दिवशी मशीनवर १३४ आलं ते आईला दाखवलं की बघ, गोळीची गरजच नव्हती.

आता मात्र आकडे चढलेत. काल भजनाच्या प्रॅक्टिसवरून आल्या आल्या १७२/९६, पाच मिनिटांनी १५८, जेवल्यावर १४९. यातला खरा कुठला धरायचा? मामा म्हणतो वय अधिक शंभर म्हणजे नॉर्मल, ६४ व्या वर्षी १६४ चालतं. आई म्हणते मीठ बंद, पण हे दिवस पुरुमेंताचे म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचे, घरात खारे बांगडे, गालमो (सुका जवळा), मिठात घातलेली तोरां (कैऱ्या), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), पापड सगळं भरून ठेवलंय आणि सकाळच्या पेजेबरोबर बाबांना त्यातलं काहीतरी लागतंच. आणि एकाने सर्पगंधेची मुळी आणून दिलीय, ती उगाळून घे म्हणतात. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, त्यामुळे बाबांना वाटतं आपल्याला काहीच नाही. मला भीती वाटते कारण आजोबांना पक्षाघात झाला होता. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

म्हापशाचा_फार्मसीवाला

ताई, आधी एक गोष्ट सांगतो, बाबांची तक्रार खरी आहे. ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, ५ पेक्षा १० वर जास्त, आणि बसून राहणाऱ्यांना, उकाड्यात आणखी जास्त. पण ती सूज किडनी गेल्याची नाही. ही गोळी बारीक धमन्या रुंद करते, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं आणि खाली घोट्यात साचतं. म्हणूनच या सुजेवर लघवी होणारी गोळी घेऊन फारसा उपयोग होत नाही, लोक मेडिकलमध्ये येऊन ती मागतात, मी देत नाही. उलट आहे, वाढलेलं बीपी वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर किडनी जाते, गोळीने वाचते. शेजारच्या काकांना हे नक्की सांगा.

उपाय डॉक्टरांकडे आहेत. डोस परत ५ वर आणतात आणि जोडीला टेल्मिसार्टनसारखी दुसऱ्या गटातली गोळी देतात, तिने बीपीही उतरतं आणि पायाची सूजही कमी होते. किंवा गोळीच बदलतात. बीपीच्या गोळ्यांचे चार-पाच गट आहेत, एक नाही मानवली तर दुसरी, त्यामुळे बाबांना सांगायचं ते एवढंच की गोळी बदलून मिळते, सोडायची नाही.

आता तिसऱ्या दिवशीच्या १३४ बद्दल. ॲम्लोडिपिन शरीरात फार रेंगाळते, तिचा अर्धा भाग बाहेर पडायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणजे गोळी थांबवली तरी पुढचे काही दिवस ती काम करतच असते आणि आकडा हळूहळू चढतो. बाबांनी जो १३४ दाखवला तो गोळीचाच होता. काउंटरवर हे मला रोज ऐकायला मिळतं, "मी सोडली तरी नॉर्मल आहे", आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस मान दुखते म्हणून येतो. दुसऱ्या काही गोळ्या, म्हणजे मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल किंवा क्लोनिडिन, एकदम बंद केल्या तर बीपी आणि ठोके उसळतात, ते धोक्याचं आहे, म्हणून कुठलीच गोळी मनाने थांबवायची नाही.

एक विचारतो, बाबा आणखी काही घेतात का? गुडघ्याची गोळी, सर्दीची गोळी, कसलं चूर्ण, काढा, खोकल्याचं औषध, काहीही. सगळं लिहा, अगदी किरकोळ वाटलं तरी.

आणि सूज एकाच पायाला असेल, दुखत असेल, किंवा चेहरा सुजतोय, झोपल्यावर दम लागतोय असं काही असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा, ती गोष्ट वेगळी.

बांबोळीची_सिस्टर

मी वॉर्डात काम केलंय, आकड्यांबद्दल मी सांगते कारण याच्यावर निम्मी भांडणं होतात. तुम्ही लिहिलेले तिन्ही आकडे खरे आहेत पण पहिला औषध ठरवायला कामाचा नाही. भजन म्हणून, चालत येऊन, बोलत बोलत घेतलेलं बीपी वर जाणारच, कुणाचंही.

नीट घ्यायची पद्धत अशी. त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यायचं, भरलेल्या मूत्राशयानेही आकडा वाढतो. मग खुर्चीवर पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, टीव्ही पण नको, पाय जमिनीला टेकलेले, मांडीवर मांडी नाही. दंड उघडा हवा, बाही वर सारून आवळलेली चालत नाही, पट्टा कोपराच्या दोन बोटं वर आणि हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या, म्हणजे हृदयाच्या उंचीला येईल. हात खाली लोंबकळत असेल तर आकडा जास्तच दाखवतो. आणि पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर बीपी नसलेल्या माणसाला पण बीपी निघतं. मनगटावरचं मशीन शक्यतो नको. पहिल्यांदा दोन्ही हातांवर बघून ज्या हाताचं जास्त येतं तोच हात पुढे कायम धरायचा.

सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा मिनिटभराच्या अंतराने दोनदा. असं सात दिवस, वहीत तारीख-वेळ घालून लिहायचं. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी घेतलेल्याची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ते बीपी, दवाखान्यात १४०/९० धरतात. डॉक्टरसमोर बसलं की काहींचं उगाच वाढतं आणि काहींचं बरोबर उलट, दवाखान्यात छान आणि घरी जास्त, म्हणून वही फार महत्त्वाची आहे, वहीशिवाय डॉक्टरही अंदाजानेच औषध देणार.

मामाला सांगा ते वय अधिक शंभर फार जुनं झालं, चुकीचं आहे. वयाबरोबर बीपी वाढतं हे खरं, कारण धमन्या कडक होतात, पण वाढतं म्हणून ते चालतं असं नाही. ६४ व्या वर्षी १६४ म्हणजे मेंदूतल्या आणि किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर रोज मार आहे. आजोबांना पक्षाघात झालेला, मग तर बाबांनी दुप्पट जपायला हवं. डोकं दुखत नाही यावर जाऊ नका, बहुतेकांना काहीही होत नाही, कळतं ते एकदम.

१८०/१२० च्या वर आलं तर पाच मिनिटं शांत बसून परत घ्या. परत तेवढंच आणि जोडीला छातीत दुखणं, दम, बोलताना जीभ जड होणं, तोंड वाकडं, एका बाजूचा हात-पाय लुळा, नजर अंधुक, यातलं काही असेल तर १०८ ला फोन, वाट बघायची नाही. आणि छातीत दुखणं किंवा तोंड वाकडं झालं असेल तर आकडा कितीही येऊ दे, मशीन बाजूला ठेवून आधी फोन. नुसता आकडा वाढलेला आणि बाकी काही नाही तर त्याच दिवशी डॉक्टरला विचारा. जिभेखाली गोळी फोडून बीपी झटकन उतरवणं, हे अजून काही ठिकाणी करतात, करू देऊ नका. एकदम उतरलं तर मेंदूला रक्त कमी पडून पक्षाघात होऊ शकतो.

फोंड्याची_सुगरण

मीठ बंद हा शब्दच काढू नका ताई, घरात भांडण होतं आणि चार दिवसांत सगळं पहिल्यासारखं. आमच्या ह्यांना बीपी आहे, मी स्वयंपाकघरातून काय जमवलं ते सांगते.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात हुमणातलं (कालवणातलं), भाजीतलं, लोणच्यातलं, पावातलं सगळं धरून. लोक डब्यातल्या मिठाकडे बघतात पण आपल्याकडे मीठ येतं ते वेगळ्याच वाटेने. सकाळी पेजेबरोबर खारा बांगडा भाजलेला, दुपारी किस्मूर (सुक्या मासळीची खोबरं घालून कोशिंबीर), वर तोराचं लोणचं, पापड, रात्री पोदेराचा (पाववाल्याचा) पाव. आणि सोलकढी! ती थंड, पाचक, म्हणून लोक बीपीवाल्याला पाजतात, पण आगळ टिकवायलाच भरपूर मीठ घातलेलं असतं, त्यात परत चिमूटभर आपण घालतो. मी ह्यांना सुकी सोलां (आमसुलं) कोमट पाण्यात भिजवून त्याची कढी करते, सोलांनाही वाळवताना मीठ लावलेलं असतं म्हणून वरून घालतच नाही, ओली मिरची आणि लसूण जरा जास्त ठेचून घालते. चव येते, कुणी विचारत नाही.

खारें (खारवलेली सुकी मासळी) पूर्ण सोडायला लावू नका, वासानेच माणूस वेडा होतो पावसाळ्यात. पण रोज नाही, रविवारी एकदा. आणि बांगडा भाजायच्या आधी अर्धा-पाऊण तास पाण्यात भिजवून पाणी टाका, परत पाणी घाला, परत टाका, बरंच मीठ निघतं, सगळं नाही निघत हे लक्षात ठेवा. गालमो भाजून, धुवून, पिळून, किस्मूर करताना मीठ अजिबात घालायचं नाही, ओलं खोबरं, कांदा आणि चिंच जास्त. पारा (सुक्या माशाचं लोणचं), बालचांव (कोळंबीचं लोणचं), चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) हे बीपीवाल्याच्या पानात नकोच, त्यांचं टिकणंच मिठावर असतं. नुस्त्याच्या (माशांच्या) हुमणाला मी तिरफळं आणि आमसुलाची आंबट धार वाढवली आणि मीठ थोडं थोडं कमी करत गेले, जीभ काही आठवड्यांत सरावते, आता ह्यांना बाहेरचं जेवण खारट लागतं.

सैंधव घ्या, मिठागरातलं गावठी मीठ घ्या, त्याने बीपी वाढत नाही असं बायका सांगतात, ते बरोबर नाही, दोन्ही सोडियम क्लोराईडच. आणि पाकिटातलं कमी सोडियमचं मीठ आणू नका डॉक्टरला विचारल्याशिवाय, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं.

म्हापशाचा_फार्मसीवाला

शेवटचा मुद्दा काकूंनी अगदी बरोबर सांगितला. किडनी चांगली असलेल्यांना ते मीठ फायद्याचं आहे, पण टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गोळ्या स्वतःच रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. वर ते मीठ, रोजचं शहाळं, आणि किडनी थोडी जरी कमजोर असली तरी पोटॅशियम इतकं वाढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून या गोळ्या सुरू झाल्या की थोड्या दिवसांनी क्रिएटिनीन (किडनी नीट चालते का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम तपासायला सांगतात, ती तपासणी टाळू नका.

डिचोलीची_लेक

सगळ्यांना मनापासून थँक्स, आईला सगळं वाचून दाखवलं, ती आगळाचं ऐकून गप्पच झाली. फार्मसीवाले दादा, तुम्ही विचारलं म्हणून बाबांची पिशवी उघडली. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आहेत, भजनाला मांडी घालून बसायला लागतं म्हणून प्रॅक्टिसच्या आधी एक घेतात, म्हणजे जवळजवळ रोज. आणि आवाजासाठी ज्येष्ठमधाची कांडी चघळतात, दिवसभर खिशात असते, रात्री त्याचाच काढा. ते तर किती वर्षांपासून आहे, पण स्पर्धेची तयारी सुरू झाल्यापासून खूपच वाढलंय. चूर्ण वगैरे नाही. हे औषधात धरायचं का?

सांखळीची_वैद्य

धरायचं, आणि पहिल्या नंबरवर धरायचं. मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते म्हणून मुद्दाम लिहिते, नाहीतर लोकांना वाटतं ॲलोपॅथीवालेच आमच्या वनस्पतींना नावं ठेवतात. ज्येष्ठमध घशाला उत्तम, गायकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलंय, पण रक्तदाब असलेल्याने ते रोज चघळायचं नाही. त्यात ग्लिसिरायझिन नावाचं द्रव्य असतं. आपल्या किडनीत एक एन्झाइम असतं जे कॉर्टिसोल हे संप्रेरक तिथल्या तिथे निष्प्रभ करतं, ग्लिसिरायझिन नेमकं त्यालाच अडवतं, मग कॉर्टिसोल किडनीला सांगत बसतं की मीठ आणि पाणी धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे. परिणाम काय, बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं, अशक्तपणा येतो, पायात गोळे येतात आणि पायावर सूजही येते. म्हणजे तुमच्या बाबांच्या सुजेत गोळीचा वाटा असेल, उन्हाळ्याचा असेल आणि ज्येष्ठमधाचाही असू शकतो. आज बंद केलं तरी त्याचा असर उतरायला दोन आठवडे लागू शकतात, तेव्हा लगेच आकडा बघून निराश होऊ नका. घशाच्या गोळ्या, खोकल्याची आयुर्वेदिक सिरप यांच्या मागेही वाचा, पुष्कळांत यष्टिमधु लिहिलेलं सापडेल, ते हेच.

गायकाला घसा सांभाळायला हवाच, त्यात वाद नाही. वाफ, कोमट पाणी, प्रॅक्टिसमध्ये मध्ये मध्ये गप्प बसणं, आणि तळणाचं तिखट जरा कमी. खडीसाखर चालेल, पण मधुमेह नाही ना ते तपासून घ्या. २०२३ साली आलेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभराच्या पाहणीत मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यातच निघालं होतं, २६.४ टक्के, आणि बीपी व साखर बरेचदा एकत्र असतात.

आता सर्पगंधा. ती बीपी उतरवते हे सत्य आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिच्यावर ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला तेव्हा जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं, पुढे तिच्यातून रेझर्पिन हे औषध निघालं आणि ते कित्येक वर्षं वापरात होतं. मागे का पडलं? कारण मन खचतं, काहींना खोल नैराश्य येतं, सुस्ती येते, नाक चोंदतं, आम्लपित्त वाढतं. आणि घरी उगाळलेल्या मुळीत द्रव्य किती गेलं याचा काही हिशोब नसतो, आज कमी, उद्या जास्त. आधीच बीपीची गोळी घेणाऱ्याने मनाने घेतली तर एखाद्या दिवशी बीपी इतकं पडेल की उठताना खाली कोसळतील. ज्यांनी प्रेमाने आणून दिली त्यांचे आभार माना आणि मुळी बाजूला ठेवा.

म्हापशाचा_फार्मसीवाला

वैद्यबाईंनी मला नवीन काही शिकवलं, ज्येष्ठमधाचा इतका परिणाम होतो हे मी वाचलं होतं पण रोज चघळणारा माणूस माझ्यासमोर कधी आला नव्हता.

डायक्लोफेनॅकचं सांगतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक या सगळ्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी करतात. पुढे डॉक्टरांनी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी दोन्ही दिल्या आणि वर ही वेदनाशामक रोज चालू राहिली, तर तिघांचा मिळून किडनीवर ताण येतो, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की जास्तच. म्हणजे शेजारच्या काकांना किडनीची काळजी होती ती योग्यच, फक्त चुकीच्या गोळीवर आळ आला. गुडघ्यासाठी पॅरासिटॅमॉल त्यापेक्षा बरी, तीही मापात, शिवाय मांडीचे व्यायाम, शेक, लावायचं मलम. आणि भजनाला खुर्चीवर बसून गायलं तर पांडुरंग काही रागावत नाही हो, बाबांना सांगा.

डॉक्टरकडे जाताना सगळ्या पुड्या, कांड्या, गोळ्या एका पिशवीत घालून घेऊन जा आणि टेबलावर ओता. तोंडी सांगताना निम्मं राहतं.

पेडण्याचा_आजोबा

मी ७२ वर्षांचा, बीपीच्या गोळ्या घेऊन बरीच वर्षं झाली, शेती अजून स्वतः बघतो. तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग बाये आणि हे त्यांना वाचून दाखव, कारण आमच्या वयाच्या माणसाला मुलांचं ऐकायला जड जातं.

गोळी रोज ठराविक वेळी घ्यायची, एवढंच. सकाळी की रात्री यावर लोक फार चर्चा करतात. ब्रिटनमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, २०२२ साली आला, हजारो लोकांवर, त्यात सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्या हार्ट अटॅक-पक्षाघातात फरक दिसला नाही, हे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा जी वेळ विसरत नाही ती आपली. मी देवपूजेच्या तांब्याशेजारी डबी ठेवलीय, पूजा चुकत नाही म्हणून गोळीही चुकत नाही. एखाद्या दिवशी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची, पण दुसऱ्या दिवसाची वेळच झाली असेल तर सोडून द्यायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

चालणं. आठवड्याला दीडशे मिनिटं म्हणतात, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, असं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. तुम्ही डिचोलीचे, मये तळ्याच्या बाजूला सकाळी काय सुंदर असतं. पावसात देवळाच्या मंडपात फेऱ्या मारायच्या, मी तसंच करतो. पायाची सूज असेल तर चालणं आणखी चांगलं, पोटऱ्या हलल्या की पाणी वर चढतं, आणि दुपारी आडवं पडताना पायाखाली उशी घ्यायची. वजन जास्त असेल तर उतरवा, किलोला साधारण एक पॉइंट बीपी उतरतं असं धरतात. जे दारू घेतात त्यांनी हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) दिवसात विशेष सांभाळायला हवं, दारूने बीपी वाढतं आणि गोळीबरोबर चक्करही येते. उठताना आधी बिछान्यावर बसायचं, मग उभं राहायचं, गोळी सुरू झाल्यावर हे विसरू नये.

आणि एक, बाबा घोरतात का? मोठ्याने घोरून मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल तर डॉक्टरला जरूर सांगा, झोपेत श्वास थांबण्याचा तो आजार असला की बीपी गोळ्यांना दाद देत नाही. माझ्या मेहुण्याचं तसंच निघालं.

डिचोलीची_लेक

अपडेट द्यायला उशीर झाला, मध्ये पाऊस लागला आणि घरची कामं. बाबा आले डॉक्टरकडे, आजोबांचं लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हाच तयार झाले, खरं सांगते. जाण्याआधी सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे वही केली होती, सरासरी १५६/९२ आली. पिशवी टेबलावर ओतली, डॉक्टरांनी ज्येष्ठमधाची कांडी हातात घेऊन किती चघळता विचारलं. रक्त-लघवी तपासली, क्रिएटिनीन चांगलं, लघवीत प्रथिनं नाहीत, साखर काठावर आहे, पोटॅशियम मात्र ३.३ म्हणजे कमी. ईसीजी ठीक. ज्येष्ठमध आणि डायक्लोफेनॅक दोन्ही बंद. ॲम्लोडिपिन ५ परत सुरू आणि जोडीला टेल्मिसार्टन ४०, दोन आठवड्यांनी पोटॅशियम परत तपासलं ते ४.२ आलं. डोळ्याचा पडदा बघून घ्यायला पण पाठवलंय, ते राहिलंय.

आता आठवड्याची सरासरी १३१/८२ येते. सूज पूर्ण गेली नाही पण चपलेचा वळ उठत नाही. आई किस्मुरात मीठ घालत नाही, बाबा पहिले दोनदा कुरकुरले. तोरांची बरणी मात्र लपवावी लागलीय. स्पर्धेला बाबा स्टुलावर बसून गाणार आहेत आणि मंडळातल्या आणखी दोघांनी आमच्या मशीनवर बीपी मोजून घेतलं, एकाचं १७० च्या वर निघालं, त्याला बाबांनीच हेल्थ सेंटरला नेलं. देव बरें करूं सगळ्यांना.

एक शेवटचं, डॉक्टर म्हणाले सध्या दोन्ही गोळ्या चालूच ठेवा. पुढे ज्येष्ठमधाचा असर पूर्ण गेल्यावर एखादी गोळी कमी होऊ शकते का?

बांबोळीची_सिस्टर

होऊ शकते, काहींची होते. वजन उतरलं, मीठ कमी झालं, वेदनाशामक सुटली, तर आकडा खाली येतो आणि डॉक्टर डोस कमी करतात. पण ते वही बघून तेच ठरवणार. घरी सरासरी ११० च्या खाली यायला लागली किंवा उठताना डोळ्यासमोर अंधारी आली तर तारखेची वाट न बघता आधीच दाखवा. डोळ्याचं पुढे ढकलू नका, पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बघून बीपीने किती त्रास दिलाय ते थेट कळतं.

काणकोणची_सून

मध्येच विचारते, माझ्या सासूबाईंना रॅमिप्रिल सुरू केल्यापासून कोरडा खोकला लागलाय, रात्री झोप नाही, घरातले म्हणतात पावसाळ्याची हवा. त्या पण ज्येष्ठमधच चघळतायत खोकल्यासाठी!

म्हापशाचा_फार्मसीवाला

वहिनी, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटाने कोरडा खोकला येतो, हे अगदी नेहमीचं आहे, कफ नसतो आणि सिरपने थांबत नाही. डॉक्टरांना सांगा, ते बहुतेक टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनवर बदलतील, त्याने खोकला सहसा येत नाही. गोळी बदलल्यावर खोकला जायला एक ते चार आठवडे लागतात. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र ताबडतोब हॉस्पिटल, आणि ती गोळी परत कधी घ्यायची नाही. ज्येष्ठमध आजच काढून घ्या त्यांच्याकडून. डॉक्टरकडे जाईपर्यंत रॅमिप्रिल मनाने थांबवू नका, उद्याच दाखवून या.